तक्त्यातल्या दोन ओळी

टेबलावर मावणाऱ्या हौशी लेथचं डावीकडचं झाकण उघडलं की आत गिअरची माळ दिसते आणि जवळच आकड्यांनी भरलेला एक पत्रा. कोणते आटे पाडायला कोणते गिअर चढवायचे, एवढाच त्याचा विषय. एकही क्रियापद नाही. तरी तो मन लावून वाचण्यासारखा मजकूर आहे, आणि वाचायला वऱ्हाडाइतकी चांगली जागा नाही.

पूर्वी मूर्तिजापूरहून एकीकडे अचलपूर, दुसरीकडे यवतमाळ गाठणाऱ्या शकुंतला रेल्वेचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलं. १९२३ पासून १९९४ पर्यंत त्याने गाडी ओढली. त्याच मँचेस्टरात कारखाना असलेल्या जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये आट्यांना शिस्त लावायचं सुचवलं: कोन ५५ अंश, प्रत्येक जाडीला ठरलेली संख्या. तोवर ज्याचा त्याचा बोल्ट, ज्याचा त्याचा नट. आपल्याकडे १९५८ पासून मेट्रिक मापं टप्प्याटप्प्याने आली, पण जुनी यंत्रं काही त्यासाठी थांबली नव्हती. जिनिंगचा जुना सांगाडा इंचात बोलतो, डाळमिलचं नवं यंत्र मिलीमीटरमध्ये. पत्र्यावर म्हणूनच दोन रकाने.

समजा टूल सरकवणारा लीड स्क्रू इंचाला ८ आट्यांचा आहे. तीन सुताच्या व्हिटवर्थ बोल्टला इंचाला १६ आटे हवेत. ओळ सांगते: २०, ४०. स्पिंडलवर वीस दाती, लीड स्क्रूवर चाळीस, मधे नुसता जोडणारा गिअर. जॉब एक फेरा घेतो तेव्हा लीड स्क्रू अर्धा, आणि टूल इंचाच्या सोळाव्या हिश्शाने सरकतं. पहिला हात नुसता ओरखडा काढणारा. त्यावर पिच गेज टेकवायचा, दात बरोबर बसले तरच पुढचा काप. खोली एक मिलीमीटरच्या किंचित वर जाते, तीही थोडीथोडी करत. १६ हा ८ च्या पटीतला, म्हणून दर हाताला टूलला लीड स्क्रूशी जोडणारा हाफ नट सोडा, कुठेही पुन्हा धरा, टूल आपल्याच चरीत उतरतं. इतकी गोड ओळ पत्र्यावर क्वचितच.

आता पलीकडच्या रकान्यातली दीड मिलीमीटरची ओळ, म्हणजे दहा एमएमच्या नेहमीच्या बोल्टची. ६०, १२७. हा १२७ कुठून टपकला? इंच म्हणजे २५.४ मिलीमीटर, दशांश चिन्ह घालवायला पाचाने गुणलं की १२७. मूळ संख्या असल्यामुळे तिला फोडून दोन लहान गिअरमध्ये वाटता येत नाही. दोन देशांच्या मोजपट्ट्यांचं सगळं भांडण त्या एका चाकाच्या दातांत मिटवलेलं आहे. मला तर पत्र्यावरचा सगळ्यात देखणा आकडा हाच वाटतो.

पण एवढं मोठं चाक छोट्या लेथच्या झाकणाखाली मावत नाही. मग पत्रा हळूच तडजोड करतो: ६३ दाती गिअर घ्या, ८० ला जोडा, पुढे ३० आणि ५०. हिशेब जवळजवळ जुळतो, चूक आठ हजारांत एक. काही पत्र्यांवर ही ओळ अचूक ओळींच्या शेजारी बिनधास्त बसलेली असते, कसलीही खूण नसते. मला ते खटकत नाही. दहाच्या नटाची उंची आठेक मिलीमीटर. तेवढ्यात फरक पडतो एका मायक्रॉनचा, आणि त्याहून जास्त तर टूलची धारच झिजते. याच गिअरवर कुणी लांबलचक लीड स्क्रू पाडायला बसला, तर मात्र त्याने ६३ बघून थबकावं.

खटकतं ते वेगळंच. मेट्रिक ओळीवर काम करताना हाफ नट सोडायचा नसतो. टूल मागे घेऊन मशीन उलटं फिरवत परत यावं लागतं. सोडला तर पुढच्या हाताला टूल चुकीच्या जागी उतरून केलेले आटे खाऊन टाकतं. पत्रा याबद्दल चकार शब्द काढत नाही. टूलचा कोन ५५ की ६०, तेही कारागिरानेच ओळखायचं.

इंचाचा रकाना आता शोभेपुरता, असं कुणाला वाटत असेल तर त्याने १४ ची ओळ पाहावी. घरातल्या अर्धा इंची नळाचे आटे आजही तेवढेच, आणि एक इंची पाइपाचे ११. वरूड-मोर्शीच्या संत्राबागेत पाइपाचा सांधा गळायला लागला की दुकानदार आजही इंचच विचारतो.