आपल्या विहारातले दुसऱ्यांचे धर्म

वैशाख पौर्णिमेला कुठल्याही वस्तीतल्या विहारात जाऊन बसा. त्रिशरण-पंचशील होतं, वक्ता माईक हातात घेतो, आणि थोड्याच वेळात चार नावं येतात. येशू स्वतःला देवाचा पुत्र म्हणाला. महंमद पैगंबर स्वतःला अखेरचे प्रेषित म्हणाले. कृष्ण तर देवांचाही देव. आणि बुद्ध? तो म्हणाला, मी फक्त वाट दाखवणारा. मार्गदाता, मोक्षदाता नव्हे. टाळ्या पडतात. तीन धर्म तीन मिनिटांत निकालात निघाले. मग भोजनदानाची सूचना.

सहा डिसेंबरला दादरला, दसऱ्याला नागपूरला स्टॉलवर ज्या पातळ पुस्तिका मिळतात, त्यांतल्या कितीतरी याच साच्यातल्या. एका बाजूला बुद्ध, दुसऱ्या बाजूला बाकीचे सगळे. इकडं विज्ञान, तिकडं अंधश्रद्धा. आपल्या पोरांना जगातल्या धर्मांची ओळख होते ती एवढीच.

साचा आला कुठून? १९५० साली महाबोधी सोसायटीच्या मासिकात बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याच्या धर्माचे भवितव्य' या विषयावर इंग्रजीत लेख लिहिला. त्यात ही चार नावं आहेत. पण ती तिथं कशासाठी आली ते कुणी सांगत नाही. प्रश्न अधिकाराचा होता. संस्थापकच स्वतःला देवाशी जोडून घेतो तेव्हा त्याचं वचन तपासायचं कुणी? बुद्धानं असा अधिकार स्वतःकडं घेतला नाही, म्हणून त्याचं म्हणणं बुद्धीवर घासून बघता येतं, काळाप्रमाणं बदलताही येतं. पुढं बाबासाहेब धर्माला कसोट्या लावतात. त्यानं समाजाला नीतीचा आधार द्यावा. तो विज्ञानाशी जुळावा. स्वातंत्र्य, समता, बंधुता त्यानं मानावी. गरिबीला त्यानं पवित्र ठरवू नये. म्हणजे तिथं आधी माप आहे, मग निकाल. आपल्या वक्त्यानं माप टाकून दिलं आणि निकाल तेवढा पाठ केला. जो लेख 'तपासून घ्या' असं सांगतो, तोच न तपासता घोकायचा! याला काय म्हणावं?

बरं, लेख तिथं संपत नाही. पुढचा भाग स्टेजवरून ऐकायला मिळत नाही, कारण तो अडचणीचा आहे. त्यात बाबासाहेब भिक्खूसंघाला धारेवर धरतात. भिक्खूंची संख्या वाढली, काम कमी झालं. शिक्षण नाही, सेवा नाही. मग भिक्खूंनी शिकावं कुणाकडून? ख्रिस्ती धर्मगुरूंकडून, त्यातही जेझुइटांकडून. त्यांनी शाळा काढल्या, दवाखाने चालवले, तसं करा. आणि बौद्धांना हाताशी एक ग्रंथ हवा, तर तो कसा? बायबलसारखा. त्यातूनच पुढं 'बुद्ध आणि त्याचा धम्म' उभा राहिला. गृहस्थाला धम्मात घेताना वेगळी दीक्षा नव्हती ही मोठीच उणीव, असंही त्या ग्रंथात सांगितलेलं आहे. ज्या धर्माचा दावा नाकारायचा त्याच धर्माचं काम बघून ठेवायचं, त्यातलं घेण्यासारखं घ्यायचं, आणि घेतलं असं उघड सांगायचं. ही त्यांची रीत. येवल्याची घोषणा १९३५ची, दीक्षा १९५६ची. मधली एकवीस वर्षं माणूस काय नुसता टाळ्यांची वाक्यं जमवत होता?

१९३६च्या मुंबईच्या महार परिषदेतलं 'मुक्ती कोन पथे?' हे भाषणसुद्धा पुन्हा वाचावं. मुसलमानांत, ख्रिस्त्यांत जाती आहेत हे तिथं ते नाकारत नाहीत. पण जात हा त्या धर्मांचा पाया नाही, हा फरक ते दाखवतात. आणि बावीस प्रतिज्ञा? ब्रह्मा-विष्णू-महेश, राम-कृष्ण, गौरी-गणपती, श्राद्धपक्ष. सगळं भांडण आपल्याच देव्हाऱ्याशी. येशू नाही, पैगंबर नाही. मग वस्तीतल्या पोराला सलीमचा धर्म वाईट हे शिकवायला वेळ कशाला घालवायचा?

अलीकडं तर वेगळंच ऐकू येतं. मुसलमानांबद्दल जे दुसऱ्या शाखांवर सकाळी बोललं जातं, ते संध्याकाळी आपल्या स्टेजवर. फक्त शेवटी 'जयभीम'.

यात एक लबाडी आहे. दुसऱ्याचा धर्म मोजायचा तो त्याच्या माणसांच्या वागण्यावरून आणि आपला मोजायचा तो ग्रंथावरून. त्यांची धर्मयुद्धं, आपली करुणा. मग आपल्याही माणसांचं वागणं येऊ द्या ना स्टेजवर! श्रीलंकेत १७५३ साली सियाम निकाय उभा राहिला आणि त्यात भिक्खू व्हायला गोविगम जातच लागू लागली. खालच्या ठरवलेल्या जातींनी दीक्षेसाठी ब्रह्मदेश गाठला, तिथून अमरपुर निकाय आणला. बुद्धाच्या संघाच्या दारावर जात! जपानात कातडं कमावणाऱ्या, मेलेली जनावरं ओढणाऱ्या बुराकुमिन लोकांना मेल्यावर मंदिरातून जी धर्मनावं मिळत, त्यांत जनावर, चामडं अशा अर्थाची अक्षरं घालून ठेवलेली सापडली. आपल्याला जिवंतपणी नावं ठेवली, त्यांना थडग्यावरसुद्धा. १९७९ साली प्रिन्स्टनच्या जागतिक धर्मपरिषदेत सोतो झेन पंथाच्या पुढाऱ्यानं जपानात असा भेदभावच नाही म्हणून सांगितलं. बुराकूंच्या संघटनेनं जाब विचारला, तेव्हा पंथाला माफी मागावी लागली. म्यानमारमध्ये २०१७ साली सात लाखांहून जास्त रोहिंग्या बांगलादेशात पळाले. त्यांच्याविरुद्ध आग ओकणाऱ्यांत चीवर घातलेले भिक्खूही होते. हे आपल्या कुठल्या पुस्तिकेत आहे?

कुणी म्हणेल, आधी धर्मग्रंथ बघा. बघू. मज्झिमनिकायात उपालीची गोष्ट आहे. निगंठ नातपुत्ताचा, म्हणजे महावीराचा हा श्रीमंत उपासक बुद्धाला वादात हरवायला आला आणि स्वतःच पटून बसला. बुद्ध त्याला म्हणतो, घाई करू नको, नीट विचार कर. आणि पुढं सांगतो, तुझं घर इतकी वर्षं निगंठांचं पाणवठा होतं, तेव्हा ते भिक्षेला आले तर त्यांना देत जा. आपल्याकडं माणूस आला की त्याची जुनी सोयरीक तोडायची घाई. इथं खुद्द बुद्ध जुन्या गुरूचं ताट राखायला सांगतो!

पण त्याच सुत्ताचा शेवटही वाचला पाहिजे. उपाली गेल्याचं कळल्यावर नातपुत्ताच्या तोंडातून गरम रक्त आलं, असं ग्रंथात लिहिलंय. म्हणजे प्रतिस्पर्ध्याला हिणवायचा मोह आपल्या जुन्या संकलकांनाही सुटला नाही. अजित केसकंबल, मक्खली गोसाल यांचं म्हणणं आज मुख्यतः त्यांच्या विरोधकांच्या पोथ्यांतून मिळतं. त्यांची स्वतःची पोथी उरली नाही. ते खरोखर काय बोलले असतील? विरोधकाच्या पोथीत आपलं चित्र कसं निघतं हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक? मनूनं चांडाळाचं वर्णन लिहून ठेवलं, चांडाळाला विचारून नव्हे.

'आम्ही इतकं सोसलं, आता आम्ही टीकाही करायची नाही का?' करा की. देवाचा पुत्र, अखेरचा प्रेषित, हे दावे पटत नाहीत तर तसं तोंडावर सांगा. पण ज्याच्याबद्दल बोलताय तो समोर बसलेला असू द्या.

नगर जिल्ह्यात ही गोष्ट लांबची नाही. मिशनरी आले, महार-मांगांतली कितीतरी घरं ख्रिस्ती झाली. एकाच आडनावाचं एक घर चर्चमध्ये, एक विहारात. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीच्या यादीतून दोघंही बाहेर पडत होते. आपल्याला १९९० साली आत घेतलं. ख्रिस्ती महार बाहेरच राहिला, मुसलमान झालेला दलितही. २०२२ साली त्यासाठी आयोग नेमला गेला. आपल्या व्याख्यानात हा ख्रिस्ती महार कुठं आहे? येशू तीन मिनिटं असतो, त्याला मानणारा आपला भाऊबंद अर्धं मिनिटही नसतो. चर्चमध्ये गेल्यावर त्याची जात गेली का, तिथं त्याला पुढं बसू देतात का, पोरीच्या लग्नाला कुठलं गाव शोधतो, हे त्यालाच माहीत. दहा दिवसांच्या श्रामणेर शिबिरात एक दिवस त्याला बोलवावं, एक दिवस मोहल्ल्यातल्या खाटकाला. पोरांनी त्यांना प्रश्न विचारावेत, त्यांनी पोरांना विचारावेत, आणि वक्त्यानं त्या दिवशी खाली सतरंजीवर बसावं.