मायना नसलेले निरोप

भक्तिपर लेखनाची परीक्षा साहित्याच्या कसोटीवर करूं नये, असें मानणारे पुष्कळ आहेत. आमचें मत तसें नाहीं. जो शब्द दुसऱ्यास धीर देण्यासाठीं लिहिला, तो खरोखर धीर देतो कीं नाहीं, हें विचारण्याचा वाचकास अधिकार आहेच. आज हा प्रश्न विचारावयाचा तो मोबाइलवरून घरोघर येणाऱ्या श्रद्धापर निरोपांविषयीं. प्रातःकाळीं विठ्ठलाचें चित्र व त्याखालीं बोधवचन, एकादशीस अभंग, कोणाच्या आजारपणांत स्तोत्र, असें हें इंटरनेटवरील नवें धार्मिक वाङ्मय आहे. आणि आपल्या नित्याच्या वाचनांत त्याचा वाटा थोडा नाहीं.

साधन नवें म्हणून नाक मुरडण्याचें कारण नाहीं. अहमदनगरास १८४२ सालीं अमेरिकन मिशननें ‘ज्ञानोदय’ सुरू केला, तेव्हां मराठी मुलखास छापखानाही नवलाचाच होता. २०२० सालीं महामारीमुळें पायीं वारी झाली नाहीं. संतांच्या पादुका बसनें पंढरपुरास गेल्या. त्या आषाढीस घरीं अडकलेल्या वारकऱ्यास मोबाइलवरील कीर्तनानें जो आधार दिला, तो खोटा होता असें कोण म्हणेल? तेव्हां दोष यंत्राकडे नाहीं. निरोप कसा लिहिला जातो, इकडे पाहिलें पाहिजे.

दूरच्या माणसास श्रद्धेचा शब्द कसा कळवावा, याचे दोन अजोड नमुने मराठींत आहेत. पहिला ‘चांगदेव पासष्टी’. ज्ञानदेव वयानें लहान, म्हणून ‘चिरंजीव’ लिहावें, तर ज्ञानानें थोर, म्हणून ‘तीर्थरूप’ लिहावें. या पेंचांत चांगदेवांनीं कागद कोराच धाडला, आणि ज्ञानदेवांनीं त्यास ६५ ओव्यांचें उत्तर लिहिलें, अशी परंपरागत कथा आहे. तिच्यांत इतिहास किती, हा प्रश्न निराळा. परंतु तिचें मर्म वाङ्मयीन आहे. मायना सुचेना म्हणून चांगदेवांनीं मजकूरही लिहिला नाहीं, या संकोचांत समोरच्याविषयींचा केवढा आदर आहे! उत्तरांतील अद्वैतविचार कितीही सूक्ष्म असला, तरी तो चांगदेवांस नांवानें हांक मारून सांगितलेला आहे. भेटीची उत्कंठा आणि भेट मुळांतच झालेली आहे ही जाणीव, यांची ओढाताण त्यांत स्पष्ट दिसते.

दुसरा नमुना मुक्ताबाईच्या ताटीच्या अभंगांचा. लोकांच्या वागण्यानें व्यथित झालेले ज्ञानदेव दार लावून बसले, आणि धाकटी बहीण बाहेरून त्यांस समजावूं लागली. जीभ आपल्याच दांतांनीं चावली गेली म्हणून कोणी दांत पाडीत नाहीं, असा घरगुती दाखला ती देते. दुःख खोटें आहे असें ती म्हणत नाहीं. हें दुःख सोसणारा तूं कोण आहेस, याची ती आठवण करून देते. आणि फिरून फिरून तिची विनंती एकच, दार उघडावें. उपदेश हें निमित्त, दार उघडविणें हें कार्य. त्या दाराआड कोण बसला आहे, हें ठाऊक असल्यावांचून यांतला एक शब्दही सुचला नसता.

आतां नेहमींचा निरोप घ्या. जें घडतें तें बऱ्यासाठींच घडतें, अशा अर्थाचें वाक्य लग्नघरीं आणि सुतकाच्या घरीं एकाच क्षणीं पोंचतें. पहिल्या घरीं तें कोणी वाचीत नाहीं. दुसऱ्या घरीं तें वाचलें जातें, आणि जखमेवर मीठ चोळतें. पाठविणाऱ्याच्या मनांत दुष्टावा नसतो. पण त्याच्या मनांत ते घरही नसतें. यावर कोणी म्हणेल कीं, रस्त्यांतला ‘रामराम’ तरी कोठें विचारपूर्वक असतो? खरें आहे, परंतु रामराम घालणारा समोरच्याच्या तोंडाकडे पाहतो, आणि तें उतरलेलें दिसलें तर थांबतो. २०१८ सालीं व्हॉट्सअॅपनें पुढें ढकललेल्या मजकुरावर तशी खूण दाखविण्यास आरंभ केला. त्या मजकुराची याहून नेमकी टीका आम्हांस करतां येणार नाहीं.

जेथें मायना नाहीं, तेथें सहीही खरी राहत नाहीं. कालपरवां जुळविलेल्या ओळींखालीं तुकोबांची नाममुद्रा बेलाशक घातली जाते, आणि भाविक माणूस ती शिरोधार्य मानतो. एकनाथांनीं १५८४ सालीं ‘ज्ञानेश्वरी’ची प्रत शुद्ध केली, तेव्हां तींत स्वतःची ओवी घालणें म्हणजे अमृताच्या ताटांत करवंटी ठेवणें होय, असा इशारा त्यांनीं दिला. संतांचा शब्द हाच ज्याच्या पडत्या काळाचा आधार, त्याच्या हातीं बनावट शब्द देणें ही त्याची फसवणूकच होय. मग हेतु कितीही भक्तीचा असो.

उपाय अवघड नाहीं. अभंग पाठवावयाचा तर गाथेंत पाहून पाठवावा, एकाच माणसास पाठवावा, आणि त्याच्या वर आपल्या हातानें दोन ओळी लिहाव्या: अमुक नांवाच्या माणसास, अमुक कारणानें हा आज आठवला. त्या ओळी ओबडधोबड असल्या तरी चालतील. वाचणाऱ्यास आपणांस कोणी ओळखून लिहिलें आहे एवढें कळलें, म्हणजे पुढील अभंग तो निराळ्या मनानें वाचील.