'पर्याय' हा शब्द जपून

प्रतिजैविके निकामी होत चालली, आता जीवाणूंनीच तयार केलेली पेप्टाइडे त्यांची जागा घेतील आणि त्यांना जीवाणू सरावणार नाहीत, अशा आशयाचे लेख वरचेवर वाचायला मिळतात. शाळेच्या भित्तिपत्रकावर ते उतरवण्यापूर्वी थोडी तपासणी हवी.

पहिला आक्षेप 'पर्याय' या शब्दालाच. रेने द्यूबो यांनी १९३९ मध्ये मातीतील जीवाणूपासून मिळवलेले ग्रामिसिडिन पेप्टाइडच आहे. ते तांबड्या रक्तपेशी फोडते, म्हणून टोचता येत नाही. वरून लावावे लागते. कोलिस्टिन हेही जीवाणूचेच पेप्टाइड. मूत्रपिंडाला अपाय होतो म्हणून ते मागे पडले होते. इतर औषधे हरली तेव्हा परत आणावे लागले. आणि २०१५ मध्ये चीनमधील संशोधकांनी एमसीआर-१ हे जनुक नोंदवले. कोलिस्टिनला न जुमानण्याची शक्ती त्याच्यामुळे एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे जाते. भारताने २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत कोलिस्टिन वापरण्यास बंदी घातली, ती याच काळजीने. एवढे घडल्यावर 'पेप्टाइडांना प्रतिरोध होत नाही' असे कसे लिहवते?

आम्हाला बॅक्टेरिओसिने अभिप्रेत आहेत, असे यावर लेखक म्हणतील. ठीक. त्यांतले सर्वांत परिचित नायसिन. दुधात वाढणाऱ्या लॅक्टोकॉकस लॅक्टिसचे हे ३४ अमायनो आम्लांचे पेप्टाइड. कोलिस्टिन रायबोसोमवर तयार होत नाही, नायसिन होते. म्हणजे त्याचा आराखडा थेट जनुकात असतो आणि जनुक बदलून नायसिनही बदलता येते. खरी आशा इथे आहे, आणि नेमके हेच लेखांतून गाळलेले असते! पेशीभित्तिकेचा माल वाहून आणणाऱ्या लिपिड-२ या रेणूला नायसिन पकडते, शिवाय त्याच्याच आधाराने पेशीपटलाला भोके पाडते. घाव दुहेरी. तरीही काही जीवाणू नायसिन तोडणारे विकर बनवतात, तर काही आपल्या भित्तिकेवरचा विद्युतभार बदलून त्याला दूर ठेवतात. ई. कोलायसारख्यांचे बाह्यपटल त्याला सहसा आत शिरूच देत नाही.

पोटात गेलेले नायसिन आपली पाचक विकरे तोडून टाकतात. चीज टिकवण्यासाठी हा गुण (वेष्टनावर '२३४' हा आकडा शोधावा), पण गोळी म्हणून गिळायचे तर हाच दोष. गायीचे सड पुसण्याच्या फडक्यांत मात्र ते वापरले गेले आहे. तिथे पचनाचा प्रश्नच येत नाही.