जेवलास कुणाच्यात?

दोन वर्षांपूर्वी ऑफिसातल्या पंधरा-वीस जणांबरोबर मी पुणे ते सासवड चाललो. ज्ञानेश्वर माउलींची पालखी आळंदीहून निघते, पुण्यात दोन रात्री थांबते आणि मग दिवे घाट चढून सासवडला जाते. आमच्यासारख्यांना रजेच्या हिशोबात हा एकच दिवस परवडतो. घरी आल्यावर मी फेसबुकवर लांबलचक मजकूर टाकला. त्यात घाट होता, टाळ-मृदंग होते, पावसाची सर होती आणि शेवटी ‘इथे कुणी लहान नाही, कुणी मोठा नाही’ हे वाक्य होतं. लाइक भरपूर आले.

तो मजकूर मी आजीला वाचून दाखवला. ती गावच्या दिंडीतून आठ वेळा पंढरपूरला चालत गेलेली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “जेवलास कुणाच्यात?”

आम्ही कंपनीनं टेम्पोतून पाठवलेले डबे रस्त्यापासून लांब एका शेडमध्ये बसून खाल्ले होते. आपापसात.

आजीनं वाचलेला नाही, पण तिचा प्रश्न इरावती कर्व्यांच्या ‘वाटचाल’मध्ये आहे. ‘परिपूर्ती’ या संग्रहातला हा लेख. १९६२ साली त्याचं इंग्रजी रूप ‘जर्नल ऑफ एशियन स्टडीज’मध्ये आलं आणि जगभरचे अभ्यासक वारीबद्दल बोलताना त्याचा आधार घेऊ लागले. मराठीत मात्र तो बहुतेकांना आठवतो तो एकाच विचारासाठी: पंढरीला जाणाऱ्या लोकांचा मुलूख म्हणजे महाराष्ट्र. हा विचार भाषणांत येतो, दिवाळी अंकांत येतो. माझ्या मजकुरातही तो नाव न घेता आलाच होता.

लेख पूर्ण वाचल्यावर लक्षात राहतं ते वेगळंच. बाईंच्या दिंडीत ब्राह्मण आणि मराठा दोन्ही आहेत. वाटेवर एकत्र चालतात, तेच अभंग म्हणतात आणि मुक्कामाला पोचले की वेगवेगळे जेवतात. बाई मानववंशशास्त्रज्ञ. जातींचा अभ्यास हा त्यांचा व्यवसाय, त्यामुळे हे त्यांना आधी ठाऊक नसणार असं नाही. पण दिवसभर ज्यांच्याबरोबर चाललो त्यांना संध्याकाळी सोडून जावं लागतं, याचा त्रास त्या लपवत नाहीत. चालण्यातला आनंद खरा आहे, म्हणूनच ते सोडून जाणं बोचतं. लेखाची ताकद इथे आहे, असं मला वाटतं.

आणि माझी तक्रारही इथेच आहे. ही बोच घेऊन लेख पुढे जातो आणि महाराष्ट्राच्या त्या मोठ्या व्याख्येपाशी पोचतो. व्याख्या सुंदर आहे, पण तिच्या प्रकाशात पंगतीचा प्रश्न फिका पडतो. तो सुटलेला नसतो. लोकांनी पुढे व्याख्या तेवढी उचलली, यात चूक वाचकांची आहेच, पण थोडी सोय लेखानंच करून दिली आहे.

याच्या शेजारी दि. बा. मोकाशींचं ‘पालखी’ (१९६४) ठेवून पाहावं. मोकाशींचा व्यवसाय रेडिओदुरुस्तीचा. मी कोड दुरुस्त करून पोट भरतो, त्यामुळे मला ते जवळचे वाटतात. माणसं काय बोलतात, पाय कसे दुखतात, मुक्कामाला जागा कशी शोधावी लागते हे ते लिहीत जातात. भक्तीत विरघळण्याची त्यांना घाई नाही आणि भक्तांना हसण्याचीही नाही. बाईंची तळमळ त्यांच्यात नाही. पण ओढूनताणून काढलेला निष्कर्षही नाही.

१९४७च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केलं आणि विठ्ठलमंदिर दलितांसाठी उघडलं. दार उघडता येतं, त्यासाठी कायदाही करता येतो. कोण कुणाच्या पंगतीला बसणार याचा कायदा करता येत नाही. ते लिहूनच दाखवावं लागतं. हल्ली वारीवर जे लिहिलं जातं त्यात ड्रोनमधून दिसणारा घाट असतो, रिंगणात धावणारा अश्व असतो. इतक्या उंचीवरून सगळी डोकी सारखीच दिसतात. माझा मजकूर चालत लिहिलेला होता, पण उंची तीच होती.

पालखीतच एक पद्धत आहे. मुक्कामी पोचल्यावर समाजआरती होते. चोपदार दंड उंचावतो आणि हजारो टाळ एकदम थांबतात. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवतच राहते. मग चोपदार तिथे जातो, तक्रार ऐकून घेतो. ती मिटली की मग आरती. म्हणजे बेसूर वाजणाऱ्याला गप्प करायचं नाही, आधी त्याच्यापाशी जायचं, हे वारीला ठाऊक आहे. वारीवर लिहिणाऱ्या आपल्याला ते जमलेलं नाही. आपण थेट आरतीलाच सुरुवात करतो.

‘वाटचाल’ मी आता तीन वेळा वाचला. प्रत्येक वेळी शेवटच्या व्याख्येआधी थांबतो आणि पंगतीच्या भागाकडे परत येतो. फेसबुकवरचा तो मजकूर काढून टाकलेला नाही. फक्त त्याच्या खाली, आम्ही कुठे आणि कुणाबरोबर जेवलो ते लिहिलं आहे. त्याला चार लाइक आले.