खुर्च्यांची अदलाबदल

विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' या 1967 साली रंगभूमीवर आलेल्या नाटकाकडे आपली समीक्षा बहुधा बेणारेबाईंची शोकांतिका म्हणूनच पाहते. ते यथार्थच आहे. परंतु न्यायव्यवहार कसा नासतो, याचे इतके सूक्ष्म निदान मला लाचखोरीच्या कथांत कधी आढळले नाही.

करमणुकीसाठी मांडलेल्या या कोर्टात एका पैचीही देवघेव होत नाही. सुखात्मे फिर्यादीचे वकील आणि आरोपीचेही तेच. काशीकर न्यायासनावरून उतरून साक्ष देतात, आणि पुन्हा निकालही तेच सांगतात. आरोप भ्रूणहत्येचा, आणि शिक्षा गर्भ नष्ट करण्याची!

ही अतिशयोक्ती वाटणाऱ्यांनी 1995 साल आठवावे. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती ए. एम. भट्टाचार्जी यांच्याविषयी परदेशी प्रकाशकाने देऊ केलेल्या मानधनावरून संशय घेतला गेला. वकीलवर्गाच्या दबावापुढे त्यांनी राजीनामा दिला. सर्वोच्च न्यायालयाने वकिलांना बजावले, की अशी तक्रार सरन्यायाधीशांकडे न्यावी. फिर्यादीने न्यायाधीश होऊ नये, हे रास्तच. पण मग न्यायाधीशांची चौकशी न्यायाधीशांनीच, तीही बंद दाराआड करायची काय? तेंडुलकरांचा प्रश्न तेथेही उभाच राहतो.

आम्हा पन्हाळकरांना उच्च न्यायालयासाठी मुंबई गाठावी लागे. 18 ऑगस्ट 2025 पासून त्याचे सर्किट बेंच कोल्हापुरात बसू लागले. अंतर घटले, याचा आनंद मलाही आहे. मात्र पायरी चढणाऱ्याने आधी पाहावे, कोण कोणत्या खुर्चीत बसला आहे ते.