‘पहिला भारतीय’ निघण्याआधीची तीन वर्षं

कमांडर दिलीप दोंदे यांचं ‘द फर्स्ट इंडियन’ हे इंग्रजी पुस्तक मला दोघातिघांनी सुचवलं. प्रत्येकाने सोबत एकच सल्ला दिला: सुरुवातीचा नौका बांधण्याचा भाग जरा रेंगाळतो, तो भरभर संपव, खरी मजा पुढे समुद्रात आहे. पुस्तक वाचून झाल्यावर माझं मत नेमकं उलट झालं. समुद्र छानच आहे, पण या पुस्तकात दुसरीकडे कुठेही न मिळणारी गोष्ट त्या ‘रेंगाळणाऱ्या’ भागात आहे. आणि तो भाग आपल्याला कंटाळवाणा का वाटतो, हा प्रश्न मला पुस्तकाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

आधी थोडी माहिती. शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे दोंदे हे पहिले भारतीय. १९ ऑगस्ट २००९ ला ते ‘म्हादेई’ घेऊन मुंबईहून निघाले. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली आणि केप टाउन असे चार थांबे घेऊन मे २०१० मध्ये परत आले. म्हणजे प्रवास नऊ महिन्यांचा. पण त्यांनी या कामाला होकार दिला होता २००६ मध्ये. मधली तीन वर्षं ते कशाची वाट पाहत होते? नौकेची. कारण नौका नव्हतीच.

ही कल्पना निवृत्त व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांची. त्यांची अट अशी की माणूस भारतीय हवा आणि नौकाही भारतात बांधलेली हवी. परदेशातून तयार नौका विकत घेतली असती तर बराच वेळ वाचला असता. या एका अटीमुळे गोष्टीत दुसरा नायक आला: गोव्यातल्या दिवाडी बेटावरच्या अॅक्वेरियस शिपयार्डचे रत्नाकर दांडेकर. आराखडा डच, ‘टोंगा ५६’ नावाचा. नौका ५६ फूट लांब. लाकडाच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवत अंग घडवायचं आणि त्यावर फायबरग्लासचा थर चढवायचा, अशी पद्धत. या यार्डाने त्याआधी अशी शिडाची नौका बांधलेली नव्हती. जिला दक्षिण महासागरात जायचंय ती पहिलीच.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे ‘डिलिव्हरी’ हा शब्द दिवसातून वीस वेळा कानावर पडतो, पण त्याचा अर्थ फार स्वस्त झालाय. तारीख आली की आहे ते सोडायचं, उरलेलं पुढच्या अपडेटमध्ये. केप हॉर्नजवळ अपडेट पाठवता येत नाही. दमट हवेत इपॉक्सी नीट बसलं नाही, तर ती चूक थराखाली झाकली जाते आणि हजारो मैलांवर, एकट्या माणसाच्या पायाखाली उघडी पडते. म्हणून या पुस्तकातली वाट पाहणं म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नाही. जो माणूस या नौकेवर एकटा राहणार आहे, तो ती बनताना पाहतोय आणि तिचा कुठला भाग कसा बसवलाय हे शिकतोय. समुद्रात काही मोडलं तर दुरुस्त करणाराही तोच असणार आहे.

दोंद्यांची भाषा साधी आहे, अधिकाऱ्याच्या अहवालाला थोडी विनोदबुद्धी मिळावी तशी. कागदपत्रं, परवानग्या, सामान, पैसे, माणसं या भागात ती भाषा फार शोभते, कारण तिथे नाट्य मुळातच असतं, वेगळं आणावं लागत नाही. समुद्रात मात्र ती मला कधीकधी अपुरी वाटली. मोठ्या लाटांचं वर्णन करतानाही हा माणूस इतका शांत असतो की भीती आपल्यापर्यंत पोचतच नाही. हा दोष आहे की स्वभाव, हे ज्याने त्याने ठरवावं. मला तो प्रामाणिकपणा वाटला, पण वाचताना पकड सैल होते हेही खरं.

याच किनाऱ्यावर बनलेल्या आणखी एका नौकेचं पुस्तक शेजारी ठेवून पाहू. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांचं ‘अ वर्ल्ड ऑफ माय ओन’. जगात सर्वप्रथम एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारा हा माणूस. ती प्रदक्षिणा झाली १९६८-६९ मध्ये, ३१२ दिवसांत. ज्या ३२ फुटी ‘सुहैली’तून ती झाली ती नौका मुंबईत बनली होती. सागवानाची, इथल्या सुतारांच्या हातची, जुन्या हत्यारांनी घडवलेली. त्यांना हवा होता तो आराखडा आलाच नाही, दुसराच जुना आराखडा आला, आणि वेळ नको जायला म्हणून तोच बांधायला घेतला. नौका १९६४ अखेर पाण्यात उतरली आणि तिने मुंबई सोडली ती डिसेंबर १९६५ मध्ये.

‘सुहैली’चा कप्तान जगाला माहीत आहे. तिचा आराखडा ज्याच्या कामावरून घेतला तो अमेरिकन विल्यम अॅटकिनही शिडाच्या नौकांच्या दुनियेत माहीत आहे. तिचं लाकूड तासणाऱ्या एका तरी सुताराचं नाव तुम्ही ऐकलंय? मीही नाही. नॉक्स-जॉन्स्टन त्यांच्या कामाला दाद देतात, पण ती दाद मालकाच्या जागेवरून दिलेली आहे.

दोंदे इथे एक पाऊल पुढे आहेत. दांडेकर त्यांच्या पुस्तकात कंत्राटदार म्हणून येतात आणि मित्र होतात. तरीही पट्ट्या चिकटवणाऱ्या, घासकाम करणाऱ्या कारागिरांना त्या नौकेबद्दल काय वाटत होतं, हे त्यांच्या तोंडून आपल्याला ऐकायला मिळत नाही. शिवाय पुस्तकाचं शीर्षकच आतल्या मजकुराशी भांडतं. आत सतत दिसतं की हे एकट्याचं काम नव्हतं, आणि मुखपृष्ठ सांगतं: पहिला, एक.

मी राहतो रेवदंड्याला, कुंडलिकेच्या मुखाशी. इथे नव्या होडीची वाट पाहणं हा साहसाचा विषय नाही, हिशेबाचा आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. नवी होडी त्या आत तयार झाली नाही तर हंगामाची सुरुवात हातची जाते, आणि कर्जाचा हप्ता काही थांबत नाही. आमच्या ओळखीचे एक नाखवा असेच होडीसाठी थांबले होते. ‘काका, झाली का होडी?’ असं विचारलं की ‘होतंय’ एवढंच म्हणायचे. पण दर दोन दिवसांनी जाऊन फळीवरून हात फिरवून यायचे. सुताराला घाई करायला त्यांची जीभ रेटत नव्हती, कारण त्या होडीत त्यांचाच मुलगा बसणार होता. दोंद्यांची तीन वर्षं मला कंटाळवाणी वाटली नाहीत, त्याचं एक कारण हे असावं.

त्या तीन वर्षांत यार्ड काय शिकलं, त्याचा पुरावा पुस्तकाच्या बाहेर आहे. त्याच यार्डाने त्याच आराखड्यावरून ‘तारिणी’ बांधली. काम सुरू झालं मार्च २०१६ मध्ये आणि १८ फेब्रुवारी २०१७ ला ती नौदलात दाखल झाली, वर्षाच्या आत. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली नौदलाच्या सहा महिला अधिकारी तिच्यातून जगप्रदक्षिणेला निघाल्या. दांडेकरांच्या यार्डाने मग ‘सुहैली’ची प्रतिकृतीही बांधली, ‘थुरिया’. २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत अभिलाष टॉमी तिच्यातून गेले. सप्टेंबरमध्ये दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात तिची डोलकाठी मोडली, टॉमी पाठीला दुखापत होऊन अडकले आणि त्यांची सुटका करावी लागली. पण ज्या आराखड्याची नौका मुंबईच्या सुतारांनी बांधली आणि इंग्लंड जिच्यामुळे मिरवलं, तोच आराखडा पन्नासेक वर्षांनी आपल्या किनाऱ्यावर परत आला, याची आपल्याकडे किती चर्चा झाली?

झाली नाही, कारण आपल्याला निघणाऱ्या माणसाचा फोटो लागतो. पाठमोरी डोलकाठी, हात हलवणारा कप्तान, खाली ‘पहिला’ किंवा ‘पहिली’. रीलला तेवढं पुरतं. बांधणाऱ्याचं काम फोटोत चिकट आणि धुळकट दिसतं, आणि ते महिनोन्‌महिने तसंच दिसत राहतं.

‘द फर्स्ट इंडियन’ जरूर वाचा, आणि सुरुवातीची पानं उडवू नका. माझी तक्रार इतकीच की या गोष्टीतला कप्तान, यार्डाचा मालक आणि कल्पना मांडणारे अॅडमिरल या तिघांचीही आडनावं मराठी आहेत, आणि नौका बांधणाऱ्यांच्या बाजूने लिहिलेलं असं एखादं मराठी पुस्तक मला अजून सापडलेलं नाही. दिवाडीच्या त्या शेडमध्ये काम केलेली माणसं आहेत. रेवदंड्यापासून मालवणपर्यंत होड्या बांधणारी माणसं आहेत. त्यांच्याकडे जाऊन बसायला दक्षिण महासागर ओलांडावा लागत नाही, एसटीने जाता येतं. तुमच्यापैकी कुणी गेलंच, तर प्रवास किती मैलांचा झाला हे त्यांना विचारू नका. लाकूड कुठून आलं, थर कुणी चढवला आणि काम कुठल्या दिवशी अडलं होतं, ते विचारा.