‘राजीखुशी’ म्हणजे नेमकं काय?

उजव्या अर्थविचाराला नीतीचं वावडं आहे, असं आपण सहज बोलून जातो. मिल्टन फ्रीडमन यांचं ‘कॅपिटलिझम अँड फ्रीडम’ हे १९६२ सालचं पुस्तक वाचताना मला ते पटत नाही. पुस्तकाचा पायाच नैतिक आहे. दोघांनी राजीखुशीने, समजून-उमजून केलेला सौदा दोघांच्याही भल्याचा. त्यात सरकारने नाक खुपसू नये. आपलं भलं आपल्याला कळतं, हा माणसावरचा विश्वास मला आवडतो.

हाच युक्तिवाद आमच्या कर्जत तालुक्यातल्या माथेरानला लावून पाहू. तिथे मोटारींना बंदी. दस्तुरी नाक्यावर गाडी सोडायची आणि पुढे पायी, घोड्यावर, नाहीतर माणसाने ओढायच्या रिक्षातून जावं लागायचं. लाल मातीच्या चढावर माणूस माणसाला ओढायचा. भाडं आधी ठरलेलं, जबरदस्ती कुणाचीच नाही. या मोजपट्टीने सौदा चोख! उलट, रिक्षा बंद केली तर ओढणाऱ्याची चूल विझेल, असं फ्रीडमन यांचे चाहते म्हणतील. नुसती बंदी घालून हात झटकणाऱ्यांना हा टोला बरोबर बसतो.

६ ऑगस्ट २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं. ही प्रथा मानवी प्रतिष्ठेविरुद्ध आहे, असं म्हणून न्यायालय थांबलं नाही. ओढणाऱ्यांना ई-रिक्षा मिळतील अशी योजना करा, पैसे नाहीत ही सबब चालणार नाही, असंही बजावलं. म्हणजे सौदा राजीखुशीचा होता का, एवढंच पाहिलं नाही. दुसरा पर्यायही उभा करायला लावला.

खरं तर ही अट फ्रीडमन यांच्याच पुस्तकात आहे. सौदा नाकारायची मुभा खरी असली पाहिजे, असं ते सांगतात. कामगाराला मालकाच्या जाचापासून दुसरे मालक वाचवतात, असंही म्हणतात. गरिबांना सरकारने थेट पैसे द्यावेत, ही सूचनाही याच पुस्तकात आहे. पण ती येते शेवटाकडे, वेगळ्या प्रकरणात. गरिबीमुळे ‘नाही’ म्हणणंच अशक्य झालं तर पहिल्या प्रकरणातल्या राजीखुशीचं काय होतं, हे ते जोडून पाहत नाहीत. माझ्या मते पुस्तकाची खरी फट इथे आहे.

ती पाहायला माथेरानचा डोंगर उतरून कर्जत-खालापूरच्या वाड्यांवर यावं. पावसाळ्यात हाताला काम नसतं, तेव्हा अनेक कातकरी कुटुंबं वीटभट्टीची उचल घेतात. दिवाळीनंतर अख्खं घर ती फेडायला भट्टीवर जातं. भट्टीवाले बरेच आहेत, पण दुसऱ्याकडेही उचलच मिळते. उचलीपायी माणसाला बांधून ठेवणं १९७६च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा ठरवलं. १९८२मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय आणखी पुढे गेलं: किमान वेतनाहून कमी पैशांत, परिस्थितीपुढे हात टेकून केलेलं कामही सक्तीचंच.

फ्रीडमन यांना मी अनैतिक म्हणणार नाही. त्यांनी घातलेली अट मला मोलाची वाटते. फक्त ती पुरी झाली आहे, असं गृहीत धरून त्यांचे चाहते बोलायला लागले, की मी विचारतो: भट्टीवर न जाता त्या घराने पावसाळ्यात खायचं काय?